मेल्यावरही वेशीबाहेर



'मरणापुढं सगळे सारखे' असं सांगत फिरणारे लई भेटतात. त्यांना एकदा अमेरिकेच्या कबरस्तानांतून फिरवून आणलं पाहिजे.

तिथं मढ्यांचे पण दर्जे आहेत. पैसेवाल्यांसाठी बागा. मॅसॅच्युसेट्समध्ये १८३१ साली माउंट ऑबर्न उघडलं. टेकड्या, तळी, झाडं, आणि घराण्यानं विकत घेतलेले प्लॉट. लष्करासाठी आर्लिंग्टन, १८६४ चं. ज्या जमिनीवर गुलाम राबले, त्याच जमिनीवर ते उभं. देशासाठी मेलेले काळे सैनिक वेगळ्या भागात पुरले, आणि ही वाटणी १९४८ पर्यंत चालली. गोळी रंग बघत नव्हती, खड्डा बघत होता.

ज्यांचं कुणी नाही, किंवा खिशात दमडी नाही, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कचं हार्ट बेट. १८६९ पासून दहा लाखांवर माणसं तिथं गेली. लांब चर खणायचा, साध्या लाकडी पेट्या एकावर एक रचायच्या, माती लोटायची. हे काम २०२० पर्यंत कुणी केलं? तुरुंगातल्या कैद्यांनी, चिल्लर मजुरीवर. म्हणजे गरिबानंच गरिबाला गाडायचं.

आणि सगळ्यांच्या खाली गुलाम. १६९७ साली न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चनं आपल्या आवारात काळ्यांना पुरायला बंदी केली. मग त्यांनी वस्तीबाहेरच्या पडीक जमिनीत आपली माणसं पुरली. तिथंही कायदा मागं आलाच. रात्री पुरायचं नाही, गुलामाच्या मयताला बारापेक्षा जास्त माणसं जमवायची नाहीत. १७९४ मध्ये ती जागा बंद झाली. वर भराव पडला, इमारती चढल्या. सुमारे पंधरा हजार माणसं खाली, वर बाजार.

१९९१ साली सरकारी कचेरीचा पाया खणताना हाडं वर आली. ४१९ जणांचे सांगाडे काढले. त्यात पोरंबाळं किती तरी. हॉवर्ड विद्यापीठाच्या लोकांनी ती हाडं तपासली. मानेचे, पाठीचे मणके ओझ्यानं झिजलेले, दबलेले. हे वाचलं आणि माझा हात आपसूक मानेवर गेला. मी गोदीत काम करतो. हमालाच्या हाडावर मालकाचा हिशेब कसा लिहिला जातो, ते मला कुणी शिकवायला नको.

पण खरी गोष्ट पुढं आहे. सरकार खणतच होतं. काळी जनता रस्त्यावर आली, बोंबलली, अडून बसली. १९९२ मध्ये खोदकाम थांबलं. २००३ मध्ये ती माणसं सन्मानानं परत त्याच मातीत गेली. २००६ पासून ती जागा राष्ट्रीय स्मारक आहे. हे कुणाच्या दयेनं झालं नाही. भांडून झालं.

म्हणून लढाई संपली, असं मात्र समजू नका. २०२१ साली लुइझियानात एका काळ्या पोलिसाच्या विधवेला कबरस्तानानं तोंडावर सांगितलं, इथं फक्त गोरे. बोभाटा झाला तेव्हा कुठं ती अट खोडली.

१९७२ साली आपण पँथर हे नाव त्यांच्याकडून घेतलं. मग ही जिद्दही घ्या. माझ्या गावात स्मशानं दोन आहेत. त्यांच्याकडं पत्र्याची शेड आहे. आमच्याकडं पावसात बापाचं सरण तीनदा विझलं.

जगताना जागा मागतो आपण. मेल्यावरची जागाही मागितलीच पाहिजे. जो जमिनीखाली वेशीबाहेर, तो जमिनीवर आत येणार कसा?