कापडाचा तुकडा की सत्तेची मोहोर?

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे ‘आयएनएस विक्रांत’ ही स्वदेशी बनावटीची विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली आणि त्याच समारंभात नौदलाच्या नव्या निशाणाचे अनावरण झाले. सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस गेला. छत्रपती शिवरायांच्या राजमुद्रेवरून स्फुरलेला अष्टकोन आला. लगोलग काही विद्वज्जनांनी नाके मुरडली. निशाण बदलून काय साधणार? अखेर तो कापडाचा तुकडाच ना? हा प्रश्न या मंडळींनी आधी इंग्रजांना विचारून पाहावा.

ब्रिटनमध्ये १८६४ पासून निशाणांची काटेकोर वाटणी आहे. व्यापारी जहाजांना तांबडे, सरकारी सेवेतील नौकांना निळे आणि शाही नौदलाला पांढरे. हे पांढरे निशाण ‘रॉयल यॉट स्क्वॉड्रन’ या मानाच्या क्लबच्या सभासदांखेरीज अन्य खासगी नौकांना मिळत नाही. कोणा ब्रिटिश नौकेने ते विनापरवाना चढवलेच, तर १९९५ च्या कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो. अधिकारी नौकेवर जाऊन निशाण जप्त करू शकतात. १६५२ साली डोव्हरसमोर इंग्रज आणि डच आरमारांत तोफा धडाडल्या. वैराच्या मुळाशी व्यापारी स्पर्धा होती. ठिणगी मात्र पडली ती इंग्रजांना निशाण उतरवून मुजरा देण्याच्या प्रश्नावरून!

ध्वज सूर्यास्ताला उतरवावा, हा ब्रिटिशांचाच रिवाज. लखनौच्या रेसिडेन्सीवर त्यांनी तो हेतुपुरस्सर मोडला. १८५७ च्या वेढ्याची स्मृती म्हणून तेथील युनियन जॅक रात्रंदिवस फडकत राही. ऑगस्ट १९४७ मध्ये तो उतरवताना त्यांनी ध्वजस्तंभही काढून टाकला. हेतू हा की, त्या जागी दुसरा ध्वज चढू नये. कापडाच्या तुकड्यासाठी कोणी इतका खटाटोप करते काय?

त्याच वर्षी माउंटबॅटन यांनी भारताच्या ध्वजाच्या कोपऱ्यात युनियन जॅक ठेवण्याची सूचना केली होती. ती आपल्या नेत्यांनी नाकारली, हे योग्यच झाले. परंतु जे भूमीवर नाकारले, ते समुद्रावर स्वीकारले गेले. १९५० साली नौदलाच्या निशाणाच्या कोपऱ्यात तिरंगा आला. क्रूस मात्र जागचा हलला नाही. २००१ मध्ये तो हटवला गेला. नव्या निशाणावरील निळे चिन्ह आकाश आणि समुद्राच्या निळाईत उठून दिसत नाही, अशी तक्रार आली आणि २००४ च्या एप्रिलमध्ये क्रूस परतला. केंद्रात तेव्हा वाजपेयींचे सरकार होते, हे लपवण्याचे कारण नाही. निळा रंग दिसत नव्हता, तर रंग बदलायचा होता; क्रूस परत आणण्याची काय गरज होती? दास्याची सवय शासनापेक्षा चिवट असते, एवढाच याचा अर्थ.

येथे कोणाच्या उपासनेचा प्रश्न नाही. सेंट जॉर्जचा क्रूस हा इंग्लंडचा राष्ट्रध्वज आहे. ब्रिटनच्या राणीलाच आपली राणी मानणाऱ्या कॅनडानेही १९६५ मध्ये आपल्या युद्धनौकांवरून पांढरे ब्रिटिश निशाण उतरवले. प्रजासत्ताक भारताला मात्र त्यासाठी आणखी सत्तावन्न वर्षे लागली!

१७२१ साली ब्रिटिश शाही नौदलाच्या युद्धनौका पोर्तुगीजांना साथीला घेऊन कुलाब्यावर चालून आल्या आणि कान्होजी आंग्र्यांच्या मावळ्यांनी त्यांना रिकाम्या हाती परतवले. पुढे १७५६ मध्ये विजयदुर्गावर आंग्र्यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या बाजूला पेशवेच होते. या दोन्ही घटना ज्याला ठाऊक आहेत, त्याला अष्टकोनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आरमार गमावले की निशाणही परक्याचे मिरवावे लागते. म्हणूनच नवे निशाण स्वदेशात बांधलेल्या नौकेवर झालेल्या सोहळ्यात फडकले, हे शुभचिन्ह होय. ब्रिटिश निशाणाचा दरारा त्यांच्या गोद्यांनी निर्माण केला होता. आपल्या निशाणाचा दरारा आपल्याच गोद्यांतून उभा राहील.