पाणपोई आणि अर्जाची पोच

आपली दिवाळी पाण्याने सुरू होते. पहाटेचा काळोख, उटण्याचा वास, बादलीतलं कढत पाणी. ते कुठून आलं, असा विचार त्या वेळी कुणी करत नाही. करूही नये, सणाचा दिवस आहे. पण यंदाच्या अंकाचा विषय ‘पाणी’ ठरला आणि लेख येऊ लागले, तेव्हा एक गोष्ट खटकली. नदी, बारव, आड, पाऊस, आजोळची विहीर सगळं होतं. महापालिकेचं वॉर्ड ऑफिस एकाही लेखात नव्हतं. मुंबईतल्या किती तरी वस्त्यांची तहान वर्षानुवर्षं त्याच खिडकीशी अडलेली आहे. ती उणीव इथे थोडी भरून काढतो.

शिवडीजवळ, बंदराच्या जमिनीवर कौला बंदर नावाची वस्ती आहे. तिथल्या पाण्याचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. ‘पुकार’ या संस्थेबरोबर वस्तीतल्याच तरुण मुला-मुलींनी घरोघर जाऊन माहिती गोळा केली होती. महापालिकेचा तेव्हाचा दर हजार लिटरला सव्वादोन रुपये. कौला बंदरातले लोक त्याच पाण्याला या दराच्या 52 ते 206 पट पैसे मोजत होते. अग्निशमनासाठी टाकलेल्या जमिनीखालच्या नळाला मोटर लावायची, लांबच लांब पाइपांनी गल्लीगल्लीत पाणी खेळवायचं आणि पिंपाच्या हिशेबाने विकायचं, असा तो धंदा. मोटर बंद पडली किंवा कारवाई झाली की वस्ती कोरडी. माणशी दिवसाला 50 लिटरसुद्धा न मिळणारी घरं शंभरात पंचाण्णव. ‘झोपडपट्टीवाले फुकट पाणी वापरतात’ हे वाक्य आपल्या सोसायट्यांच्या सभांत अजून सर्रास ऐकू येतं, म्हणून हे आकडे मुद्दाम दिले.

अशा ठिकाणी मदतीला जाणारे दोन तऱ्हेचे असतात. एक टँकर घेऊन जातात. दुसरे झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन. टँकरवाल्यांचं स्वागत होतं, फोटो निघतात, आणि उन्हाळ्यात ती मदत खरोखर जीव वाचवते. तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. गठ्ठेवाल्यांकडे मात्र वस्तीही आधी संशयानेच बघते: हे कोण, कोणत्या पक्षाचे, आधार कार्डाची प्रत कशाला हवी? ‘पाणी हक्क समिती’च्या कार्यकर्त्यांनी हा दुसरा, बेचव रस्ता धरला. 1 जानेवारी 2000 नंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पाणी नाकारण्याविरुद्ध समिती उच्च न्यायालयात गेली. 15 डिसेंबर 2014 रोजी न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे; झोपडी बेकायदा असली म्हणून तिच्यातल्या माणसाला तहानलेलं ठेवता येणार नाही. दर जास्त लावा, घरोघर नळ नको असेल तर सार्वजनिक जोडणी द्या, पण द्या.

निकाल लागला म्हणून नळाला धार लागली नाही. महाराष्ट्राला याचं नवल वाटू नये. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सदस्य बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात 1923 साली मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तो स्वीकारलाही. तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला डॉ. आंबेडकरांना 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसं घेऊन चालत जावं लागलं, आणि त्यावरचा दावा उच्च न्यायालयात संपायला 1937 उजाडलं. मुंबईत ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण मे 2022 मध्ये आलं, 2014 च्या निकालानंतर जवळजवळ साडेसात वर्षांनी.

मधल्या आणि नंतरच्या काळातलं काम अगदी रुक्ष आहे. शेजारच्या घरांचा गट जमवायचा, त्यांच्यातून एक सचिव ठरवायचा, प्रत्येकाच्या नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का ते पाहायचं. अर्ज द्यायचा आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, कारण पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं ठरतं. जमीन रेल्वेची किंवा बंदराची निघाली तर ना-हरकतीसाठी नवी वारी. यात कविता नाही, म्हणून आमच्याकडे लेख आले नसावेत.

आणि ज्या तलावांच्या भरवशावर हे सगळं चालतं, त्यातल्या तानसा-भातसाच्या शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिथले कार्यकर्तेही तालुक्याच्या कचेरीत अर्जच लिहीत असतात.

मुंबईतल्या वस्तीत जोडणी मिळाली की पहिलं बिल येतं. ते प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात. आपलं नाव आणि पत्ता असलेला तो एक सरकारी कागद. मग भांडणं लागतात: चार माणसांच्या घराने आणि नऊ माणसांच्या घराने सारखेच पैसे का द्यायचे, भाडेकरू बिल न भरता गेला तर कुणी भरायचं, सचिवाच्या दारातच पाइप का जास्त जाड. तेव्हा तोच गठ्ठेवाला पुन्हा बोलावला जातो, दोनशे पानी वही घेऊन हिशेब लावून द्यायला.