शेवटचे दोन मुक्काम चोरखमाऱ्याला करा

महिना-दोन महिने पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रवासाचा शेवट मोठ्या शहरात करू नका. शेवटच्या दिवशी बाजारहाट, रात्री उशिराची गाडी, रविवारी मध्यरात्री घर आणि सोमवारी सकाळी ऑफिस, असा बेत बहुतेक जण आखतात. मीही आखला होता. घरी आलो, दोन दिवस मेल्यासारखा झोपलो, मग सगळ्यांना बसवून फोटो दाखवले. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही शेजाऱ्यांकडून. घरच्यांनी लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून परतीच्या वाटेवर दोन रात्री राखून ठेवतो. मध्य भारतातून परतत असाल तर गोंदिया जिल्ह्यातलं चोरखमारा त्यासाठी चांगलं. तिरोडा तालुक्यातलं हे छोटं गाव. जवळ तलाव, भोवती धानाची शेतं, आणि नागझिऱ्याच्या जंगलात जाणारं एक प्रवेशद्वार. नवेगाव-नागझिरा 2013 साली व्याघ्र प्रकल्प झाला. दोन महिने मनाला येईल तिकडे पायी गेलेल्या माणसाला इथे फाटकावर थांबावं लागतं. आत पायी जाता येत नाही, हवा तिथे तंबू ठोकता येत नाही. परवाना, गाडी आणि गाइड घेऊन सकाळची किंवा दुपारनंतरची फेरी करायची. पावसाळ्यात गाभ्याचं जंगल बंद असतं, तेव्हा तारखा वनखात्याकडून आधी विचारून घ्या.

दोन फेऱ्यांच्या मधली दुपार रिकामी असते, आणि मला ती दुपारच हवी असते. उन्हात कुठे जाता येत नाही. मग सॅक अंगणात पालथी करायची. ओला तंबू वाळत घालायचा. दमट गुंडाळून घरी नेलात तर आठ दिवसांत त्याला बुरशी येते. बुटांच्या तळव्यातला चिखल आणि मोज्यांना चिकटलेलं कुसळ हे काम मात्र जंगलात जाण्याआधी उरका. गाजरगवत, रानतुळस असली परकी तणं अशीच कुणाच्या तरी पायाला लागून नव्या रानात पोचतात. बूट तलावात धुऊ नका, बादलीभर पाणी मागून घ्या. प्लास्टिक गावात टाकू नका, सॅकमधून परत न्या. शहरात कचऱ्याची गाडी दारात येते, इथे ती येईल असं धरून चालू नका.

त्या दुपारी वही उघडा. घरी गेल्यावर सवडीने लिहू म्हणणाऱ्यांच्या वह्या मी कोऱ्या पाहिल्या आहेत. वाघ दिसला नाही म्हणून रुसू नका. व्यंकटेश माडगूळकर या जंगलात राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ लिहिलं. किरण पुरंदरे चारशे दिवस राहिले, मग ‘सखा नागझिरा’ झालं. आपण दोन दिवसांचे पाहुणे, आपली तक्रार किती ती असावी? आणि वाघाचं म्हणाल तर नागझिऱ्याचा जय नावाचा प्रसिद्ध वाघ स्वतःच जंगल सोडून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला होता. त्याच्या पाठीवर सॅक नव्हती, एवढाच फरक.

मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर पहाटे बायका-माणसं मोह वेचताना दिसतील, मे महिन्यात तेंदूपानांचे पुडे बांधताना. त्यांच्या वर्षाच्या कमाईतला तो मोठा वाटा आहे. विचारल्याशिवाय कॅमेरा पुढे करू नका. बोलायचं असेल तर थोडं बसा, यंदा मोह कसा पडला ते विचारा. दोन महिने आपणच आपल्याशी बोलत असतो, तेव्हा दुसऱ्याचं ऐकायची सवय इथूनच परत लावून घेतलेली बरी. घरी तीच लागणार आहे. घरी पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी फोटो दाखवत बसू नका; गॅस कुणी आणला, बिलं कुणी भरली, कुणाकडे मयत झालं, लग्न झालं, ते आधी विचारा. फोटो कुठे पळून जात नाहीत.

तिरोड्याच्या रस्त्याला लागलात की औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. 3300 मेगावॅटचं केंद्र आहे हे. घरी गेल्यावर आपण पंखा लावणारच, तेव्हा नाक मुरडू नका.

परतीला विमानापेक्षा रेल्वे घ्या. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून सकाळी सुटते आणि नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, सातारा, मिरज करत दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचते. चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. वऱ्हाडातला कापूस मागे पडून खिडकीत ऊस दिसू लागेपर्यंत घर हळूहळू जवळ येतं. तिकिटाचे पैसे मात्र पहिल्या दिवसापासून वेगळे बांधून ठेवा, आणि घरी पोचल्यावर कामावर जाण्याआधी एक पूर्ण दिवस मोकळा धरा.

निघण्याच्या आदल्या रात्री घरी फोन करा आणि काय आणू ते विचारा. काही नको म्हणतील. तरी गोंदिया-भंडाऱ्याकडचा वासाचा चिन्नोर तांदूळ दोन किलो मावेल एवढी जागा सॅकमध्ये ठेवा.