बगळ्यांचा दोष किती?

गेल्या पावसाळ्यात कनेरगाव नाक्यावरील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. आईच्या तापासाठी गोळ्या मागता मागता म्हणाले, “डॉक्टरसाहेब, दारातल्या चिंचेवर बगळे वस्तीला असतात. त्यांच्यामुळे मेंदूचा ताप येतो म्हणे. झाड तोडू का?”

प्रश्न अगदीच निराधार नव्हता. जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळे, ढोकरी अशा पाणपक्ष्यांत आणि डुकरांत वाढतो. वेस्ट नाईल या विकाराचाही मूळ आश्रय पक्षीच. परंतु हे दोन्ही आजार पक्ष्याकडून माणसाकडे आणतो तो क्युलेक्स डास. धानाच्या बांध्यांत, डबक्यांत, गटारांत तो वाढतो आणि तिन्हीसांजेनंतर चावतो. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात जपानी मेंदूज्वर आढळतो, त्याचे कारण हेच. वेस्ट नाईलच्या प्रतिपिंडांचा भारतातील पहिला पुरावा तर १९५२ साली मुंबईतच मिळाला होता.

माणूस आणि घोडा आजारी पडतात खरे, पण त्यांच्या रक्तात विषाणू पुरेसा वाढत नाही. त्यामुळे डास तो त्यांच्यापासून पुढे नेऊ शकत नाही. म्हणून अशा रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी त्याच्या उशाशी बसण्यास भिऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या दगावल्या, तो बर्ड फ्लू. त्यात डासाचा संबंध नाही; तेथे मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने न शिवणे महत्त्वाचे.

हे सारे मी त्यांना मोठ्या उत्साहाने समजावीत होतो. जाता जाता ते म्हणाले, “कालपासून आई मला ओळखतच नाही. वय झालं आता, चालायचंच.”

हे मी आधी विचारावयास हवे होते. वेस्ट नाईलची लागण झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच जाणवत नाही. सुमारे दीडशेत एकाच्या मेंदूला बाधा होते, आणि साठीनंतर हा धोका वाढतो. तापात वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, ग्लानीत गेला, मान ताठली किंवा झटका आला, तर ते म्हातारपण नव्हे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माउलीला तासाभरात हिंगोलीला हलविले. मेंदूज्वर नव्हता, ताप आणि जुलाबांत रक्तातील सोडियम फार उतरले होते. आठवड्याने त्या मुलाला नावाने हाक मारू लागल्या. चिंच अजून उभी आहे. तिच्याखालचे गुरांचे पाण्याचे टाके मात्र आता दर आठवड्याला कोरडे करून घासतात, आणि माउली मच्छरदाणीत झोपतात, तक्रार करीत का होईना.