बाटली होती, पट्टी नव्हती

प्रति,
जिल्हा शल्यचिकित्सक, अलिबाग. जिल्हा आरोग्य अधिकारी, रायगड जिल्हा परिषद. आणि अन्न व औषध प्रशासन

महोदय,

गेल्या आषाढात आमचा दोन वर्षांचा नातू तीन दिवस खोकत होता. उबळ आली की पोटातलं सगळं बाहेर. तिसऱ्या रात्री त्याने दूधही घेतलं नाही. छातीला तेल चोळून झालं, ओव्याचा शेक झाला आणि घरच्या जुन्या रिवाजाप्रमाणे मी दोन वेळा चमचाभर ब्रँडीही पाजली. पहाटे पोर घामाने थंडगार, मान टाकलेलं. पावसात रिक्षा शोधून निघालो. पहिल्या दवाखान्यात एकच प्रश्न : खोकला सुका की ओला? हातात बाटली दिली. दुसरीकडे एका वयस्क सिस्टरने न विचारताच बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर अवघी 38. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळाने त्याने आईला हाक मारली.

लहान मुलाच्या यकृतात साखरेचा साठा थोडाच. आजारी मूल रात्रभर उपाशी राहिलं की तो संपतो, आणि दारू यकृताला नवी साखर करू देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ब्रँडीचा दोष माझा. पण पहिल्या ठिकाणी साखर तपासायची पट्टीच नव्हती, त्याचं काय?

खोकल्याच्या अशा बाटल्यांनी पुढे काय केलं ते आपण जाणताच. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली. वीसहून अधिक दगावली. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपमध्ये 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. मर्यादा 0.1 टक्का. हेच विष 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेलं होतं आणि त्यावर लेंटिन आयोग बसला होता. छिंदवाड्यानंतर केंद्राने कळवलं : दोन वर्षांखाली खोकल्याचं औषध नको, पाचाखालीही सहसा नको. तरी आमच्याकडे चिठ्ठीशिवाय बाटली मिळते. मी मागून पाहिली, मिळाली. वय कुणी विचारलं नाही.

प्रत्येक उपकेंद्रात, 108च्या गाडीत आणि आशाताईंच्या पिशवीत साखर तपासायचं यंत्र आणि मुदतीतल्या पट्ट्या असू द्या. पट्टी सोन्याची नसते. शिवाय भिंतीवर मराठीत लिहा : मूल जागं असेल, गिळत असेल, तर 200 मिली पाण्यात चार सपाट चमचे साखर, थोडी थोडी, गुंगीत असेल तर तोंडात काही न ओतता थेट रुग्णालय. वर्ष ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त झाले, तर तो नुसता खोकला नव्हे. आणि ब्रँडी नको, हेही मोठ्या अक्षरात. आमच्या वयाच्या बायका वाचतील.

मृग तोंडावर आला आहे. त्याआधी पट्ट्या पोचवा.

आपली,
नागावची एक आजी