आगंतुक कोण, यजमान कोण?

‘परकी’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. कपड्याला वापरतो, विचाराला वापरतो, प्रसंगी शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या माणसालाही वापरतो. ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती मिरची आणि ज्या बटाट्यावाचून उपवास निभत नाही तो बटाटा, दोघेही मूळचे अमेरिका खंडातले. हे ठाऊक असूनही वापरतो. त्यामुळे सागरी जीवशास्त्राची मंडळी शिंपल्या-पोवळ्यांनाही ‘परकी आक्रमक जाती’ म्हणतात हे वाचले, तेव्हा मराठी विषय घेतलेल्या मला तो शब्द खटकला. शब्द खटकला म्हणून वाचत गेले, आणि विषय निघाला भलताच खोल.

मुंबईच्या गोदीतलेच उदाहरण घेऊ. मायटिलॉप्सिस सॅलेई नावाचा एक शिंपला आहे. आकाराने दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा. आपल्या शिणाण्यांचा दूरचा, गरीब भाऊ वाटावा असा. त्याचे मूळ घर कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात. १९६७ साली तो विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला आणि पुढच्या दशकात मुंबईच्या गोदीत. १९७५ च्या एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्याची ओळख भारतीय बंदरांतला नवा आगंतुक अशी करून दिलेली आहे. हा गृहस्थ खारे, मचूळ, घाणेरडे असे कसलेही पाणी चालवून घेतो, काही आठवड्यांतच वयात येतो, आणि खांब, साखळ्या, दोर, पाण्याचे नळ जे सापडेल त्यावर थरावर थर रचून बसतो.

इतक्या दूरवरून तो आला कसा? आपल्याच बोटींनी आणला. जहाजाच्या बुडाला चिकटून असे जीव येतात, हा जुना मार्ग. दुसरा मार्ग जहाजाच्या पोटातून. माल उतरवून रिकामे झालेले जहाज लाटांवर डळमळू नये म्हणून टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते, आणि पुढच्या बंदरात माल चढवताना ते ओतून टाकते. पूर्वी यासाठी दगड आणि वाळू भरीत. दगडाला पिल्ले होत नाहीत. पाण्यात मात्र शिंपल्यांची, खेकड्यांची, किड्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असतात. एका बंदराचे पाणी दुसऱ्यात ओतणे म्हणजे एका गावची अख्खी बालवाडी दुसऱ्या गावी सोडून देणे. या पाण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ साली झाला आणि अमलात यायला २०१७ चा सप्टेंबर उजाडला. तेरा वर्षे! शिंपल्याच्या किती पिढ्या झाल्या असतील, याचा हिशेब गणिताच्या मित्रांनी करावा.

हाच शिंपला १९९९ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या नौकातळावर सापडला. सुमारे सहा महिन्यांपूर्वी झालेल्या पाहणीत तो तिथे नव्हता, आणि आता एकेका चौरस मीटरवर हजारोंनी बसला होता. तिथल्या सरकारने नौकातळांचे दरवाजे बंद केले, आतल्या पाण्यात क्लोरिन आणि मोरचूद ओतले, तिथून बाहेर पडलेल्या होड्या शोधून तपासल्या आणि काही आठवड्यांत त्याचा नायनाट केला. त्या पाण्यातले बाकीचे जीवही मेले, हे इथे लपवून चालणार नाही. पण समुद्रात शिरलेली परकी जात पुरती उखडून काढल्याची जी थोडी उदाहरणे जगात आहेत, त्यांत हे एक. आणि ते साधले कशामुळे? क्लोरिनमुळे साधले, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, सहा महिन्यांपूर्वीच्या त्या पाहणीमुळे साधले. आधी काय होते याची यादी हाती होती, म्हणून नवे काय आले ते वेळेवर कळले.

आपल्याकडेही २००० ते २००४ या काळात जहाजांच्या पाण्याविषयीच्या एका आंतरराष्ट्रीय प्रकल्पात मुंबई बंदराची निवड झाली होती, आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई व न्हावाशेवा येथील जीवांची पाहणी केली. काम मोलाचे झाले. परंतु आगंतुक येऊन तेव्हा तीस वर्षे होत आली होती. घरात पाहुणे शिरल्यावर घरच्यांची शिरगणती करायची, असाच तो प्रकार.

आता जनुकांकडे येते, कारण माझ्या खटकलेल्या शब्दाला उत्तर तिथेच मिळाले. २००३ साली कॅनडातील पॉल हेबर्ट या शास्त्रज्ञाने असा विचार मांडला की प्राण्याच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला, तर बहुतेक वेळा त्याची जात ओळखता येईल. अक्षरे चारच, पण त्यांची जुळणी प्रत्येक जातीची निराळी. आता तर मूठभर चिखल किंवा बाटलीभर पाणी घेऊन त्यात कोणकोण वावरून गेले, हेही वाचता येते.

या वाचनाने एक गंमत उघडकीला आणली. कॅरिजोआ रिसेई नावाचे पांढऱ्या फुलोऱ्याचे एक मऊ पोवळे आहे. त्याचे वर्णन प्रथम १८६० साली कॅरिबियनमधल्या नमुन्यावरून झाले. पुढे ते हवाई बेटांत सापडले आणि तिथल्या खोल पाण्यातल्या काळ्या पोवळ्यांवर पसरून त्यांना गुदमरवू लागले. कॅरिबियनचा गुन्हेगार हवाईत घुसला, असे सर्वांनी गृहीत धरले. २०१० साली जनुके वाचली गेली तेव्हा दिसले की हवाईतले पोवळे कॅरिबियनहून आलेलेच नाही. त्याचे नाते हिंदी आणि प्रशांत महासागराशी आहे. ज्या गावी प्रथम नोंद झाली ते जन्मगाव मानले, एवढीच काय ती चूक. माणसांच्या बाबतीत अशी चूक आपण किती वेळा करतो, ते इतिहासाच्या प्राध्यापकांना विचारावे.

म्हणून माझे म्हणणे असे. ‘परकी’ आणि ‘आक्रमक’ हे दोन शब्द जोडशब्दासारखे वापरू नयेत. पहिला जन्मगावाविषयी आहे, दुसरा वागणुकीविषयी. मिरची परकी आहे, आक्रमक नाही. पुण्याच्या परिसरात १९५० च्या दशकात दिसू लागलेले गाजरगवत दोन्ही आहे. काळ्या समुद्रात १९८० च्या दशकाच्या आरंभी जहाजांच्या पाण्यातून एक कंगवाधारी पारदर्शक जीव आला आणि तिथली मासेमारी बसली. पुढे १९९७ मध्ये त्याच जीवाला खाणारा त्याचाच एक भाऊबंद आला, आणि उपद्रव ओसरला. दुसराही परकाच होता!

मात्र याचा अर्थ सारे काही चालवून घ्यावे असा कोणी काढू नये. केरळातील अष्टमुडी आणि वेंबनाड सरोवरांत दक्षिण अमेरिकेचा एक शिंपला शिरल्याची नोंद २०१९ साली झाली. त्याचे नाव जनुके वाचून पक्के केले गेले. पण तिथल्या मच्छीमारांनी त्याआधीच त्याचे बारसे केले होते: ‘वरत्तन कक्का’, म्हणजे बाहेरून आलेला शिंपला. त्यांच्या हाताला लागणारे नेहमीचे शिंपले कमी झाले होते. त्यांना प्रयोगशाळेची वाट पाहण्याची चैन परवडणारी नव्हती. आपल्या कोकणात ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, खुबे, कालवे काढणाऱ्या बायांचे पोटही अशाच चिखलावर आहे. उद्या तिथे कोणी थरावर थर रचून बसले, तर भुर्दंड जहाज कंपनीला पडणार नाही.

आणि इथेच आमच्यासारख्या कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा संबंध येतो. जनुकाची साडेसहाशे अक्षरे वाचली तरी ती ताडून पाहायला आधी नाव लावलेला नमुना लागतो. तो लावणारा माणूस, शिंपला हातात घेऊन त्याचे दात आणि रेषा पाहणारा, दुर्मीळ होत चालला आहे. यंत्र घ्यायला पैसे मिळतात, चिखलात बसून जाती ओळखायला शिकणाऱ्याला मिळत नाहीत. प्रशांत महासागराच्या तळावर जिथे खनिजांचे गोटे उपसायचे बेत चालले आहेत, तिथल्या पाच हजारांहून अधिक जातींपैकी जवळजवळ ९० टक्के जातींना अजून नावच नाही, असे २०२३ च्या एका अभ्यासाने दाखवले. नाव नसलेला जीव नाहीसा झाला तर त्याची नोंद कशाखाली करणार?

आपल्या किनाऱ्यावरची नावे निदान कोळणींच्या तोंडी आहेत. एकाच शिंपल्याला वसईत एक, हर्णैत दुसरे, मालवणात तिसरे नाव असू शकते. कोणता कुठल्या चिखलात, कोणत्या महिन्यात मिळतो, कोणता अलीकडे मिळेनासा झाला, कोणता आजीच्या वेळी नव्हताच, हे त्या सांगू शकतात. बोलीभाषेच्या प्रकल्पासाठी दरवर्षी आम्ही म्हणी आणि ओव्या गोळा करतो. या वर्षी मराठी विभागाने प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या शेजारच्या महाविद्यालयाला हाताशी धरावे, आणि विद्यार्थ्यांनी वही, छायाचित्र व शिंपला असे तिन्ही घेऊन यावे. खर्च एसटीच्या भाड्याचा. ओहोटीच्या वेळा मात्र वर्गाच्या वेळापत्रकाशी जुळणार नाहीत, त्याचे काय करायचे ते प्राचार्यांनी ठरवावे.