संशयाला उत्तर कामाचे

बोम्मसंद्राच्या औद्योगिक वसाहतीत स्थिरावलेल्या मराठी माणसाला कर्नाटकातील धर्मांतराचा वाद परका नाही. ख्रिस्ती सेवाकार्य म्हणजे धर्मांतराचे जाळे, असा आरोप होत असताना २०२२ मध्ये भाजप सरकारने कायदा आणला. सक्तीच्या धर्मांतरास त्यात तीन ते पाच वर्षे कैद असून, निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. धर्मांतराचा लोंढा असता, तर ख्रिस्ती लोकसंख्या वाढली असती. प्रत्यक्षात तिचे राज्यातील प्रमाण २००१ मधील १.९१ टक्क्यांवरून २०११ मध्ये १.८७ टक्क्यांवर आले.

बंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो यांनी हल्ल्यांविरोधात सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. जून २०२३ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने कायदा रद्द करण्याचे ठरविले. परंतु मनातील संशय मंत्रिमंडळाच्या ठरावाने रद्द होत नाही.

कर्नाटकात जन्मलेल्या पंडिता रमाबाईंवर १८९३ मध्ये असाच आरोप झाला. पालकांनी शारदा सदनातून मुली काढून नेल्या. रमाबाईंनी दुष्काळपीडित स्त्रियांना केडगावी आसरा दिला. आमिष दाखविणाऱ्यावर खटला व्हावा. मात्र त्यासाठी संपूर्ण समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्याय्य नव्हे. न्यायालयात पुरावा आणि समाजात उघडे, हिशेबी काम, हेच ख्रिस्ती समाजाचे टिकाऊ उत्तर ठरेल.